हात लावला तर चीं केलं

"१४/८. कवटीवाला. दिव्याखालच्या भिंतीवर. हात लावला तर चीं केलं."

एवढीच नोंद आहे. दोनशे पानी वही, निळी शाई, आणि समासात नखाएवढं चित्र: दोन मिटलेले पंख, जाडजूड धड, धडाच्या वरच्या बाजूला दोन काळे ठिपके आणि त्यांच्याखाली जबड्यासारखी रेघ. वही एका निवृत्त शिक्षिकांची. मी त्यांच्या वर्गात कधी बसले नाही, पण सगळे त्यांना बाई म्हणतात म्हणून मीही म्हणते. गॅलरीतल्या दिव्यावर रात्री जे पतंग येतात, ते बाई अकरा वर्षं लिहून ठेवत आल्या आहेत. कुणी सांगितलं नव्हतं. नोकरी संपली, रात्रीची झोप उडाली, दिव्याजवळ खुर्ची टाकून बसायला लागल्या आणि दिसेल ते लिहायला लागल्या. चार वह्या भरल्या.

मी वह्या चाळत होते तेव्हा त्यांचं एकच पालुपद चाललं होतं. "अगं, यात काही नाही गं. उगाच वेळ घालवतेयस. मला त्यांची नावंसुद्धा येत नाहीत."

नावं येत नव्हती म्हणून बाईंनी ती स्वतःच ठेवली होती. जळकं पान. राखी शाल. मिशाळ. छोटी चांदणी. हिरवी शाल. कवटीवाला. एकदा ठेवलेलं नाव पुढे बदललेलं नाही. पहिल्या वहीतलं जळकं पान चौथ्या वहीतही जळकं पानच आहे, आणि दोन्हीकडच्या चित्रांत पंखाच्या टोकाची तीच कातरलेली कड आहे. एका जिवाला एक नाव, ही शास्त्रीय नामकरणाची पहिली अट. ती बाईंनी कुणी न शिकवता अकरा वर्षं पाळली होती.

गेली काही वर्षं मी अशा वह्यांच्या मागे आहे. कुणी घरासमोरच्या एकाच झाडाची पालवी, बहर आणि पानगळ लिहितं. कुणी सकाळच्या फेरीत दिसलेले पक्षी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला टिपून ठेवतं. एका घरात वडिलांनी लिहिलेल्या तारखा आहेत, पावसाळ्यातला पहिला बेडूक कोणत्या रात्री ओरडला त्याच्या. ही सगळी हौशी माणसं. त्यातल्या कुणालाही मी म्हटलं, की हे जगापुढे ठेवा, कुणाच्या तरी अभ्यासाला उपयोगी पडेल, की पहिलं वाक्य ठरलेलं: यात काही नाही. पूर्वी मला ही नम्रता वाटायची. आता मी तिला भीड म्हणते. नम्र माणूस आपल्याजवळचं देतो आणि मागे सरकतो. भिडस्त माणूस वही कपाटात ठेवतो आणि कपाटाची किल्ली विसरून जातो.

ही भीड मला चांगली ओळखीची आहे. अगदी सुरुवातीला मी वर्षभर टिपलेल्या कोळ्यांची एक यादी एका जाणकारांना पाठवली होती. तारखा होत्या, जागा होत्या, जाळं कसं होतं त्याचं वर्णन होतं. उत्तर एका ओळीचं आलं: फोटो नसतील तर याला काही अर्थ नाही. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच असेल. बऱ्याच कोळ्यांची ओळख फोटोवरूनही पटत नाही, नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. पण त्या एका ओळीनंतर मी दोन वर्षं काहीच लिहिलं नाही. माझ्या वहीत ती दोन वर्षं कोरी आहेत. त्या दोन वर्षांत माझ्या खिडकीच्या कोपऱ्यात काय काय येऊन गेलं ते आता जगातला कुठलाही जाणकार सांगू शकणार नाही. ओळीच्या शेवटी "पुढच्या वेळी फोटो काढा, मी बघतो" एवढं असतं, तर पानं भरलेली असती.

जैवविविधतेच्या माहितीबद्दल बोलताना लोक पटकन उपग्रह, मोठमोठ्या मोहिमा, संग्रहालयांतले लाखो नमुने यांच्याकडे वळतात. ते सगळं लागतंच. पण या क्षेत्रातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात भरवशाचं धन पुष्कळदा घरच्या वह्यांतून आलेलं आहे. इंग्लंडमधल्या नॉर्फकमध्ये रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदारांनी १७३६ साली वसंताच्या खुणा लिहायला घेतल्या. पहिलं फूल कधी, कोणत्या झाडाला पान कधी, पाकोळी कधी परतली, अशा सत्तावीस खुणा. त्यांच्यानंतर घरातल्या पुढच्या पिढ्यांनी हे चालू ठेवलं, ते थेट १९५८ पर्यंत. दोनशे वर्षांपूर्वीचा वसंत आणि आताचा वसंत शेजारी ठेवून बघायचे असतील तर अशा नोंदींशिवाय दुसरा मार्ग नाही, कारण गेलेला वसंत मोजायला परत जाता येत नाही.

याहून मला जवळची वाटते ती रिचर्ड फिटर यांची गोष्ट. ते निसर्गावर लिहिणारे गृहस्थ होते. फिरायला जावं, कोणतं रानफूल यंदा पहिल्यांदा कधी दिसलं ते लिहावं, असं त्यांनी जवळजवळ अर्धं शतक केलं. त्यांचा मुलगा अलास्टेर वनस्पती आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याचा अभ्यासक झाला. २००२ मध्ये बापलेकांनी मिळून एक शोधनिबंध लिहिला, 'सायन्स' या नियतकालिकात. ३८५ वनस्पती प्रजातींचं पहिलं फुलणं आधीच्या चार दशकांच्या तुलनेत शेवटच्या दशकात सरासरी साडेचार दिवस आधी आलं होतं, आणि त्यातल्या १६ टक्के प्रजाती तर सरासरी पंधरा दिवस आधी फुलत होत्या. हवामानबदलाचे झाडांवर होणारे परिणाम दाखवणारा हा एक गाजलेला पुरावा. वडिलांनी वही सुरू केली तेव्हा 'हवामानबदल' हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. आपण कोणत्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवतोय हे त्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं. वहीचं मोल ठरवायला मुलगा मोठा व्हावा लागला, जग तापावं लागलं. बाई जेव्हा म्हणतात "यात काही नाही", तेव्हा मला हेच सांगावंसं वाटतं, की ते आज तुम्ही आणि मी ठरवूच शकत नाही.

जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहरात कीटक-अभ्यासकांची एक जुनी संस्था आहे, १९०५ सालची. सदस्य बहुतेक हौशी. त्यांनी १९८९ पासून राखीव जागांमध्ये तंबूच्या आकाराच्या जाळ्या लावल्या. उडता कीटक जाळीला अडतो, वर चढत जातो आणि टोकाच्या बाटलीतल्या अल्कोहोलमध्ये पडतो. काही दिवसांनी बाटली काढून आतल्या कीटकांचं वजन करायचं, लिहायचं, बाटली जपून ठेवायची. जाळी तीच, मांडणी तीच, वजन करायची रीत तीच. २०१७ मध्ये ६३ ठिकाणांवरच्या २७ वर्षांच्या या बाटल्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला: उडत्या कीटकांचं एकूण वजन तीन चतुर्थांशाहून जास्त घटलेलं. त्या आकड्यानं जगभर खळबळ माजली. वापरलेली जाळी साधीच होती, बाटलीही साधीच. सत्तावीस वर्षं रीत न मोडणं हे त्या लोकांचं कर्तृत्व.

लोक दुर्मीळ गोष्ट दिसली तर फोन करून सांगतात. नेहमीचं कुणी सांगत नाही. चिमण्या, कावळे, घरातली पाल, कुंपणावरची घाणेरी आणि तिच्यावरची फुलपाखरं, "ती तर रोजचीच आहेत" म्हणून वहीतून सुटतात. उत्तर अमेरिकेतलं पॅसेंजर पिजन हे कबूतर एके काळी इतकं होतं, की त्याच्या थव्यांनी आकाश झाकोळून जायचं. त्या जातीचं शेवटचं कबूतर, मार्था नावाची मादी, १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. इतक्या सर्रास दिसणाऱ्या पक्ष्याचे थवे विरळ होत गेले त्या सगळ्या वर्षांत नीट मोजदाद कुणी ठेवली नव्हती. म्हणून मी वहीवाल्या प्रत्येकाला सांगते, की तुमच्याकडचं सगळ्यात कंटाळवाणं पान मला आधी दाखवा.

तर, बाईंची वही.

एका दुपारी आम्ही लॅपटॉप उघडून शेजारी शेजारी बसलो. जैवविविधतेच्या नोंदी जगभर एकमेकींशी जुळाव्यात म्हणून एक सामायिक साचा आहे, डार्विन कोअर नावाचा. २००९ मध्ये तो प्रमाण म्हणून मान्य झाला. नाव भारदस्त आहे, पण प्रत्यक्षात ते तक्त्याच्या रकान्यांना दिलेल्या नावांचं एकमत आहे. काय दिसलं, कधी, कुठे, कुणाला, आणि हे पाहिलं कसं: नमुना हातात आहे, की फोटो आहे, की डोळ्यांनी बघून लिहिलंय. बाईंना मी एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे हजेरीपटच की." अगदी बरोबर. आयुष्यभर ज्यांनी हजेरी घेतली त्यांना डार्विन कोअर शिकवायला मला पाच मिनिटं लागली.

पहिली ओळ कवटीवाल्याची घेतली. १४/८. वर्ष वहीच्या पुठ्ठ्यावर होतं. इथे एक गोष्ट लक्षात येते, जी वही लिहिणाऱ्याच्या कधीच लक्षात येत नाही. १४/८ ठीक, महिने चौदा नसतात. पण ५/७ म्हणजे काय? पाच जुलै, की मे महिन्याची सात? बाईंना शंका नव्हती, पण दुसऱ्या देशात बसलेल्या माणसाला येणारच. म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असं लिहायचं ठरलेलं आहे. आणि बाईंनी स्वतः जसं लिहिलं होतं तसंच्या तसं ठेवायलाही साच्यात वेगळा रकाना आहे. मला तो रकाना फार आवडतो. माहिती देणाऱ्याचा शब्द पुसायचा नाही, शेजारी जपून ठेवायचा, ही त्यामागची सभ्यता आहे.

मग नाव. कवटीचं चित्र बघून मला अंदाज होता. पतंगांच्या एका अभ्यासकांना मी चित्राचा फोटो आणि बाईंचं वाक्य पाठवलं. त्यांचं उत्तर संध्याकाळी आलं. पाठीवर कवटीसारखी खूण असलेला, एवढ्या जाड धडाचा पतंग म्हणजे अ‍ॅकेरॉन्शिया. आणि "चीं केलं" या दोन शब्दांनी उरलीसुरली शंका मिटवली होती. या जीनसमधले, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या या गटातले, पतंग डिवचले की आपल्या आखूड सोंडेवाटे हवा आत-बाहेर करून खरोखर आवाज काढतात. ते मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितात, असेही धीट आहेत. जीनसमध्ये तीन प्रजाती आहेत, आणि त्यातली नेमकी कोणती हे या चित्रावरून सांगता येणार नाही, असंही त्यांनी लिहिलं. म्हणून प्रजातीचा रकाना आम्ही रिकामा ठेवला आणि नोंद जीनसवर थांबवली.

बाईंचा चेहरा पडला. "म्हणजे अर्धवटच."

मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते, कारण हौशी माणूस इथेच हमखास अडखळतो. जिथवर खात्री आहे तिथवरच जाणं, याला अर्धवट म्हणत नाहीत. कुळापर्यंत ओळख पटली तर कुळ लिहावं. नुसता 'पतंग' एवढंच कळलं तर तेवढंच लिहावं. ठोकून दिलेलं प्रजातीचं नाव पुढे कुणाच्या तरी नकाशावर चुकीचा ठिपका होऊन बसतं, आणि तो ठिपका काढायला फार वर्षं जातात. अपुरी नोंद मात्र उद्या कुणीतरी पुढे नेऊ शकतं. हिरव्या शालीचं असंच झालं. वहीतलं वर्णन अपुरं होतं, पण त्याच महिन्यात बाईंच्या गॅलरीत हिरवी शाल पुन्हा आली. या वेळी आम्ही फोटो काढला, आणि तो कण्हेरीवर वाढणारा ओलिएंडर हॉक मॉथ निघाला. हिरव्या पंखांवर फिकट गुलाबी पट्टे. जुन्या चित्रांत तेच पट्टे होते. एका फोटोनं मागच्या कितीतरी रात्रींना नाव मिळालं.

जागा लिहिताना मी थांबले. बाईंची गॅलरी नकाशावर दहा मीटरच्या आत दाखवता येते. म्हणजे एकट्या राहणाऱ्या एका बाईंचा पत्ता जगजाहीर करणं. अक्षांश-रेखांशांबरोबर त्यांत किती मीटरची अनिश्चितता आहे हेही लिहायची सोय असते. आम्ही ठिकाण थोडं ढोबळ केलं आणि अनिश्चितता एक किलोमीटर लिहिली. पतंग कुठे कुठे आढळतात याचा अभ्यास करणाऱ्याचं एका किलोमीटरनं फारसं बिघडत नाही, आणि बाई निर्धास्त झोपू शकतात. लोकांना वह्या उघडा म्हणून सांगणाऱ्यांनी ही काळजी स्वतःहून घ्यायला हवी. त्यांनी विचारेपर्यंत थांबणं बरं नाही.

तिसऱ्या वहीत मधेच एक ओळ सापडली: "आज नवा दिवा बसवला. पांढरा आहे. डोळ्यांना टोचतो." मी अक्षरशः उभी राहिले. पतंग निळ्या आणि अतिनील प्रकाशाकडे जास्त ओढले जातात. दिवा बदलला की येणारी गर्दी बदलते. या ओळीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे कुणी सरसकट एकत्र करून काही निष्कर्ष काढला असता तर तो फसवा निघाला असता. बाईंनी ती ओळ शास्त्र म्हणून लिहिली नव्हती, डोळ्यांना त्रास झाला म्हणून लिहिली होती. तेव्हापासून मी वह्या वाचताना अवांतर आधी वाचते. "आज समोरचं झाड तोडलं", "शेजारी बांधकाम सुरू", "चष्मा बदलला". चष्म्याच्या नोंदीनंतर एका काकांच्या यादीत छोटे पक्षी अचानक वाढलेले मी पाहिले आहेत.

आता हे ठेवायचं कुठे? २००१ मध्ये अनेक देशांनी मिळून ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फॉर्मेशन फॅसिलिटी, म्हणजे जीबीआयएफ, उभी केली. सचिवालय कोपनहेगनमध्ये. सगळ्यांना फुकट बघता-वापरता येईल असा तो जगाचा सामायिक साठा आहे आणि त्यातल्या नोंदी २०२२ मध्येच दोन अब्जांच्या पुढे गेल्या होत्या. एवढं असताना आपली चार वह्यांची भर कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण त्या अब्जावधी नोंदींत फार मोठा वाटा पक्ष्यांचा आहे. कीटक, बुरशी, कोळी, गोगलगायी यांच्या वाट्याला त्यांच्या प्रजातींच्या मानानं फारच थोडं आलेलं आहे, आणि जगाच्या नकाशावर कितीतरी जागा अशा आहेत जिथे या जिवांचा एकही ठिपका नाही. बाईंच्या गावावर नकाशा मोठा करत नेला तेव्हा पतंगांच्या खाली काहीच नव्हतं. पतंग तिथे नेहमीच होते. लिहिलेलं कुणी दिलं नव्हतं.

एक अडचण सांगायलाच हवी. जीबीआयएफवर एकट्यादुकट्या माणसाला थेट माहिती प्रकाशित करता येत नाही, कुठल्यातरी संस्थेच्या नावानं जावं लागतं. फोटो असतील तर आयनॅचरलिस्ट हे निसर्गातल्या नोंदींचं संकेतस्थळ हा सोपा रस्ता आहे. २००८ मध्ये बर्कलेच्या तीन विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून ते सुरू झालं. तिथे फोटो टाकला, तारीख-जागा दिली, इतरांनी ओळख पटवली आणि तुम्ही वापराची मुभा दिलेली असली, की नोंद आपोआप जीबीआयएफकडे जाते. जुन्या, फोटो नसलेल्या वह्यांना मात्र हा रस्ता नाही. त्यांच्यासाठी एखादं महाविद्यालय, एखादं निसर्ग मंडळ पाठीशी उभं राहावं लागतं. माझ्या मते सगळ्यात जास्त जोर इथे लावायला हवा. प्रत्येक लहान मंडळानं वर्षातून चार वह्या जरी दत्तक घेतल्या तरी पुष्कळ काम होईल.

पण दत्तक घेताना नाव पुसायचं नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी वीस वर्षांच्या पक्ष्यांच्या याद्या एका मंडळाला विश्वासानं दिल्या होत्या. पुढे सुंदर नकाशा छापून आला. त्यावर यांचं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त त्यानंतर कुणाला वही दाखवली नाही. ते गेल्यावर उरलेल्या वह्या कुठे गेल्या ते घरच्यांनाही सांगता आलं नाही. डार्विन कोअरमध्ये 'कुणी पाहिलं' हा रकाना काही शोभेसाठी ठेवलेला नाही. जीबीआयएफवर प्रत्येक माहितीसंचाला डीओआय नावाचा कायमचा क्रमांक मिळतो, आणि कुणी त्यातली माहिती उतरवून घेऊन शोधनिबंधात रीतसर उल्लेख केला, की तो उल्लेख तुमच्या संचाच्या पानावर येऊन बसतो. परवानाही देणाऱ्यानंच निवडायचा असतो. सगळे हक्क सोडणारा सीसी झीरो, श्रेय मागणारा सीसी बाय, किंवा श्रेय मागून व्यापारी वापराला मनाई करणारा सीसी बाय एनसी. बाईंना हे तिन्ही नीट समजावून सांगितले. त्यांनी सीसी बाय घेतला. म्हणाल्या, "कुणी पैसे मिळवले तर मिळवू दे. पण माझं नाव घालायला सांग."

काही वेळा न सांगणंच योग्य असतं, हेही मी मानते. १९९९ मध्ये चीनमधल्या एका देखण्या गेको पालीचं नवी प्रजाती म्हणून वर्णन प्रसिद्ध झालं. गोनियुरोसॉरस लुई तिचं नाव. त्यानंतर पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी पकडणाऱ्यांनी ती मूळ ठिकाणाहून संपवली. ऑर्किड, कासवं, खवलेमांजर, घुबडांची घरटी यांच्याबाबत हा धोका खरा आहे. आयनॅचरलिस्टवर अशा प्रजातींचं ठिकाण मुद्दाम धूसर करून कितीतरी किलोमीटरच्या चौकोनात लपवतात. हवं असेल तर कुठल्याही नोंदीसाठी आपणही तसं करू शकतो. ज्यांना ही भीती वाटते त्यांना मी कधीच "काही होत नाही हो" म्हणत नाही. त्यांची भीती त्या जिवावरच्या मायेतून आलेली असते. ठिकाण झाकून नोंद कशी देता येते, ते शेजारी बसून दाखवते.

देणाऱ्याला परत काय मिळतं, हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. संकोचू नये. पक्ष्यांच्या नोंदी गोळा करणारं ईबर्ड हे संकेतस्थळ २००२ मध्ये सुरू झालं तेव्हा पहिली काही वर्षं प्रतिसाद बेताचा होता. विज्ञानासाठी माहिती द्या, एवढ्या आवाहनावर फार जण येईनात. पुढे पक्षी-निरीक्षकाला स्वतःच्या याद्या तिथे नीट ठेवता येऊ लागल्या, आपण आजवर किती आणि कुठे पाहिलं ते बघता येऊ लागलं, तशी गर्दी वाढली. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर २०२३ मध्ये जो अहवाल आला, ९४२ प्रजातींचा, तो तीस हजारांहून जास्त निरीक्षकांनी अशा रीतीनं जमवलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा होता. त्या तीस हजारांतल्या बहुतेकांनी फक्त स्वतःची यादी लिहिली होती.

ईबर्डची आणखी एक गोष्ट मी सगळीकडे सांगत असते. नोंद देताना ते विचारतात: ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले आहेत का? किती वेळ बघितलं? किती अंतर चाललात? 'हो, सगळे लिहिले' असं उत्तर आलं, की त्या यादीत जे नाही त्यालाही अर्थ येतो. अर्धा तास बघूनही चिमणी दिसली नाही, ही मग माहिती होते. बाईंच्या चार वह्यांत हीच मोठी उणीव होती. ज्या रात्री काही आलं नाही, त्या रात्री त्यांनी वही उघडली नव्हती. त्यामुळे मधे दहा दिवसांची फट दिसली, की पतंग आले नाहीत की बाई बसल्या नाहीत, हे कळायला मार्ग नव्हता. मी हे जरा भीतभीतच सांगितलं. अकरा वर्षांच्या कामातली उणीव दाखवताना शब्द जपून वापरावे लागतात. बाई ऐकून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "शाळेत गैरहजर मुलाची पण खूण करतोच की आपण. इथे कसं सुचलं नाही?"

बाईंचा संच एका छोट्या मंडळाच्या नावानं प्रकाशित झाला. माहिती देणारी म्हणून वर बाईंचं नाव आहे, आणि जळकं पान, राखी शाल, मिशाळ ही नावं त्यांनी लिहिली तशीच शेजारच्या रकान्यात आहेत. नकाशावर त्यांचा ठिपका उमटला तेव्हा त्यांनी बोट ठेवून पाहिलं आणि दुसरा कुणाचा आहे का म्हणून आजूबाजूला शोधत राहिल्या.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले होते. पाचवी वही सुरू झाली आहे. पट्टीनं रकाने आखलेत: तारीख, आधी वर्ष; दिवा कधी लावला; कधी मालवला; पाऊस; वारा; कोण आलं. पहिल्याच पानावर आदल्या रात्रीची नोंद होती. साडेआठला दिवा लावला. दहाला मालवला. वारा खूप. कुणी आलं नाही.

"हे पण पाठवायचं ना गं?" बाईंनी विचारलं.

"हो बाई," मी म्हटलं, "हे पण."